पंचांचा निर्णय अंतिम, पण पंच कोण?

समजा, तुमच्या धाकट्या भावाच्या शाळेची कबड्डी टीम तालुक्याच्या सेमीफायनलला पोचली आहे. १७ वर्षांखालचा गट. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, जे ग्राउंड तुमच्या ओळखीचं असेल ते डोळ्यांसमोर आणा. सकाळी फक्कीने आखलेल्या रेषा दुपारपर्यंत पायाखाली पुसट झाल्यात. रात्रीच्या पावसाने मैदानाचा एक कोपरा अजून ओला आहे. शेवटचं मिनिट, स्कोअर बरोबरीत. समोर सहा गडी. भाऊ चढाईला जातो, एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो, मागचा पाय उचलतो आणि मध्यरेषेकडे पळतो. बोनस मिळाला की नाही? पंच हात हलवतात, नाही! पुढच्या चढाईत समोरचा संघ एक गडी टिपतो आणि मॅच संपते.

घरी येताना टेम्पोत एकच विषय. "पंचांनी गेम केला यार!" मागच्या बाजूने कुणीतरी हळूच पिन मारतं, "अरे, ते पंच म्हणजे त्यांच्याच शाळेजवळचे सर ना?"

ही टीम काल्पनिक आहे. पण हे वाक्य तुम्ही कधीच ऐकलं नसेल, तर तुम्ही रायगडात शाळा शिकलाच नाहीत असं म्हणावं लागेल. इथे कबड्डी म्हणजे श्वास आणि कबड्डीवरचं भांडण म्हणजे उच्छ्वास. शालेय स्पर्धांचा मोसम आला की कोण जिंकलं याच्याइतकीच चर्चा 'पंच कोण होते' याची होते. आपण या चर्चेत जोरात बोलतो, पण नीट बोलत नाही. सगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरतो आणि पोतं पंचांच्या डोक्यावर ठेवतो. आज ते पोतं जरा उघडून बघू.

एका शिट्टीला काय काय बांधलेलं असतं

शालेय क्रीडा स्पर्धांची शिडी तुम्हाला माहीत आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. रायगडात १५ तालुके. कर्जत किंवा खालापूरचा विजेता जिल्ह्याला जातो, म्हणजे खोपोली-पेण करत अलिबागच्या बाजूला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून मुंबई विभाग. राज्यात शालेय खेळांचे असे ८ विभाग आहेत. म्हणजे राज्य स्पर्धेत पोचलेली टीम किती चाळण्यांमधून गेलेली असते बघा.

आता या चाळणीची गंमत. सामने बहुतेक बाद पद्धतीने होतात, कारण दिवस कमी आणि शाळा जास्त. बाद पद्धतीचं गणित साधं आहे. ३२ संघ आले तर पहिल्याच फेरीत १६ संघ घरी. त्यांच्यासाठी अख्खा मोसम म्हणजे एकच मॅच. साखळी सामने असले तर एका चुकीच्या निर्णयाची भरपाई पुढच्या मॅचमध्ये करता येते. बाद पद्धतीत 'पुढची मॅच' नावाची गोष्टच नसते. म्हणून इथे पंचाची चूक लहान असली तरी तिचं बिल मोठं येतं.

आणि हे बिल फक्त ट्रॉफीचं नसतं. दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे सवलतीचे गुण तुम्ही कुठल्या स्तरापर्यंत पोचलात आणि तिथे काय केलंत, यावर ठरतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारी मोठी प्रमाणपत्रं वरच्या स्पर्धांमध्ये मिळतात, पण तिथे जायचा रस्ता तालुक्याच्या याच ग्राउंडवरून जातो. शहरात क्लास लावून मार्क वाढवणारा मुलगा आणि कशेळे-खांडसकडच्या वाडीतून, आश्रमशाळेतून आलेला ठाकर किंवा कातकरी मुलगा, दोघांसाठी या प्रमाणपत्राची किंमत सारखी नसते. एकाला तो बोनस असतो. दुसऱ्यासाठी तीच एकमेव चढाई असू शकते.

म्हणून 'जाऊ दे रे, शाळेची तर मॅच' हे उत्तर पुरत नाही. आणि 'पंच चोर आहेत' हेही उत्तर नाही. कारण पंचांविरुद्धची प्रत्येक तक्रार एकाच जातीची नसते. निदान तीन जाती आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

पहिली तक्रार : नियम कुठला?

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीची फायनल, भारत विरुद्ध इराण. स्कोअर २८-२८, मिनिट-सव्वा मिनिटाचा खेळ बाकी. पवन सेहरावत 'करो या मरो'च्या चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न होता लॉबीत गेला. त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. आता बाद कोण? फक्त पवन, की त्याच्या मागे आलेले सगळे? जुना नियम एक सांगत होता, नवा नियम दुसरं. निर्णय एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला फिरला. खेळाडू मॅटवरच बसून राहिले. जवळपास तासभर खेळ थांबला. शेवटी भारताला ३ आणि इराणला १ गुण मिळाला आणि भारताने ३३-२९ असं सुवर्ण जिंकलं.

इथे एक गोष्ट पकडा. कॅमेरे होते, रिप्ले होते, पवन कुठे गेला आणि मागून कोण आलं हे जगाने पाहिलं होतं. 'काय घडलं' यावर भांडण नव्हतंच. भांडण होतं, जे घडलं त्याला कुठला नियम लावायचा यावर. ही नजरेची चूक नाही, ही तयारीची चूक आहे. आणि आशियाई फायनलला असं होत असेल, तर तालुक्याला का नाही होणार?

आपल्याकडे तर हा घोळ घरातच पिकतो. गावच्या रात्रीच्या स्पर्धेत एक नियम, प्रो कबड्डीत बघितलेला दुसरा आणि शाळेच्या पुस्तकातला तिसरा. कबड्डीचा इतिहासच असा आहे. पूर्वी संजीवनी, गामिनी आणि अमर असे वेगवेगळे प्रकार खेळले जायचे. एकात बाद गडी पुन्हा जिवंत व्हायचा, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात तो मैदान सोडायचाच नाही, फक्त गुण मोजला जायचा. गावागावांत नियम वेगळे म्हटल्यावर तंटे होणारच. ते मिटवायला नियम कागदावर आले आणि त्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. आज आपण संजीवनी खेळतो ते त्या कागदामुळे.

मग औषध काय? तेच, कागद. सुपर टॅकल लागू आहे का? तिसरी चढाई 'करो या मरो' धरायची का? बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया कशा घ्यायच्या, तेव्हा बोनस रेषेचं काय? असे सात-आठ मुद्दे एका पानावर लिहून सकाळी पहिल्या मॅचआधी सगळ्या संघांसमोर वाचायचे आणि कॅप्टनच्या सह्या घ्यायच्या. याला पैसा लागत नाही. लागतात फक्त १५ मिनिटं.

दुसरी तक्रार : दिसलं काय?

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीच्या किताबाच्या लढतीआधीची कुस्ती, पृथ्वीराज मोहोळ विरुद्ध शिवराज राक्षे. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचं दिलं. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले बघा. वाद वाढला आणि दोन वेळच्या महाराष्ट्र केसरीने पंचांना लाथ मारली. नंतरच्या किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडलं. दोघांनाही ३ वर्षांसाठी निलंबित केलं गेलं.

त्या रात्री सोशल मीडियावर दोन पक्ष पडले. एक म्हणे पंच चुकले म्हणून लाथ, दुसरा म्हणे लाथ मारली म्हणून पंच बरोबर. दोन्ही तर्क लंगडे आहेत. पंचांचा निर्णय चूक की बरोबर हा एक प्रश्न. पंचांच्या अंगावर जाणं चूक की बरोबर हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'चूक' आहे, पहिल्याचं काहीही असो. पण दुसऱ्याचं उत्तर मिळालं म्हणून पहिला प्रश्न बंद होत नाही.

ही तक्रार नजरेची. अर्ध्या सेकंदात खांदा टेकला की नाही, पाय रेषेपलीकडे गेला की नाही. सुरुवातीच्या आपल्या मॅचकडे परत या. पंचांना एकाच वेळी काय बघायचं होतं? पुढचा पाय बोनस रेषेच्या पलीकडे पडला का, त्याच क्षणी मागचा पाय हवेत होता का, चढाईच्या वेळी समोर सहा गडी पूर्ण होते का, दम तुटला का, कुणी जर्सीला हात लावला का. आणि रेषा? ती अर्धी पुसलेली. इथे माणूस प्रामाणिक असूनही चुकणार. प्रो कबड्डीत अशा वेळी रिव्ह्यू घेता येतो. तालुक्याला नाही घेता येत.

पण टीव्ही नाही म्हणून काहीच नाही असंही नाही. नियमाप्रमाणे कबड्डीला सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि रेषेवर लक्ष ठेवणारे सहाय्यक अशी फौज लागते. तालुक्याच्या स्पर्धेत एकाच दिवशी दोन-दोन मैदानांवर मॅच लावल्या की ही फौज अर्धी होते. म्हणून इथलं औषध म्हणजे जास्त डोळे आणि ताजी रेषा. दर दोन मॅचनंतर फक्की मारायची. प्रत्येक बाजूला रेषेला एक माणूस उभा करायचा. हे जमायला काय हरकत आहे?

आणि हो, मोबाइलमधला तुमचा व्हिडिओ. तो लगेच ग्रुपवर टाकून 'बघा अन्याय' लिहिण्याआधी एक करून बघा. मैदानाच्या कोपऱ्यात उभे राहा आणि रेषेवर ठेवलेल्या चपलेचा फोटो काढा. मग दोन पावलं बाजूला सरकून परत काढा. एका फोटोत चप्पल रेषेवर दिसेल, दुसऱ्यात रेषेपलीकडे. व्हिडिओ खोटं बोलत नाही, पण तो एकाच कोनातून बोलतो. त्या व्हिडिओचा खरा उपयोग निकाल फिरवण्यात नाही. संध्याकाळी पंचांनी स्वतः बसून तो बघण्यात आहे.

तिसरी तक्रार : पंच कुणाचे?

ही सगळ्यात नाजूक. टेम्पोच्या मागच्या बाजूने आलेली ती पिन.

शाळेत शारीरिक शिक्षणाचे सर किंवा मॅडम बहुतेक एकच. तेच टीम निवडतात, तेच फॉर्म भरतात, मुलांना टेम्पोत घालून आणतात, वेळ पडली तर मैदान आखतात आणि तालुक्यात पंच कमी पडले की शिट्टीही त्यांच्याच गळ्यात येते. त्यांच्या नियतीवर शंका घ्यायचं कारण नाही. उलट ही माणसं नसतील तर स्पर्धाच होणार नाहीत. पण ज्या गटात आपली शाळा आहे त्याच गटात आपण शिट्टी वाजवली, तर शंभर टक्के बरोबर दिलेला निर्णयही संशयात जातो. वकीलही तेच आणि न्यायाधीशही तेच, असं दिसलं की निकालावर विश्वास बसत नाही. शिट्टी जितकी खरी असावी लागते, तितकीच ती खरी वाटावीही लागते.

क्रिकेटने हे फार महाग किंमत मोजून शिकलं. कसोटीत वर्षानुवर्षं यजमान देशाचेच अंपायर असायचे आणि प्रत्येक दौऱ्यात 'घरच्या अंपायरनी हरवलं' असा सूर लागायचा. १९८६ मध्ये इम्रान खानच्या पाकिस्तानने वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी त्रयस्थ अंपायर बोलावले. ते कोण होते माहितेय? दोन भारतीय. हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या शेजारच्या ठाण्यात राहणारे पिलू रिपोर्टर. भारत-पाकिस्तान संबंध आठवा आणि मग या निवडीचा विचार करा. पाकिस्तानच्या मैदानावर निर्णय द्यायला भारतीय चालले, कारण त्या मॅचमध्ये भारताचं काहीच अडकलं नव्हतं. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक त्रयस्थ अंपायर आला आणि २००२ पासून दोन्ही.

आता हेच गणित कर्जत-खालापुरात मांडून बघा. कर्जतच्या स्पर्धेत खालापूरचा काही जीव अडकलेला नसतो. खालापूरच्या स्पर्धेत कर्जतचा नसतो. दोन्ही तालुक्यांच्या मध्ये आहे काय? पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि आलं खोपोली. एका लोकलचा प्रवास. दोन्ही तालुक्यांच्या कबड्डीच्या तारखा एकमेकांवर न आणता ठेवल्या, तर कर्जतचे सर खोपोलीला आणि खोपोलीचे सर कर्जतला पंच म्हणून सहज जाऊ शकतात. पाकिस्तानला भारतीय चालले, तर कर्जतला खोपोलीकर का नाही चालणार?

कुणी म्हणेल, प्रवासखर्च कोण देणार, एका दिवसाची शाळा बुडेल त्याचं काय. प्रश्न बरोबर आहेत. पंचाचं मानधन आधीच तुटपुंजं, त्यात उन्हात दिवसभर उभं राहायचं आणि वर शिव्या खायच्या. पण मग या पर्यायाच्या दुसऱ्या पानावर काय लिहिलंय तेही वाचा. निकालावर विश्वास नाही, म्हणून प्रमाणपत्रावर विश्वास नाही. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली, तेव्हा घाम गाळून खेळलेल्या मुलांकडेही लोक संशयाने बघायला लागले. विश्वास एकदा गेला की त्याची भरपाई तिकिटाच्या पैशांत होत नाही.

मग शिट्टी घेणार कोण?

इथे जरा लांबची गोष्ट सांगतो. अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडची गावची कबड्डीच समजा. मोसमाच्या शेवटी राज्याची बाद फेरी लागली की अख्खं गाव जिममध्ये जमतं. तिथल्या शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने काही वर्षांपूर्वी धोक्याची घंटा वाजवली. २०१८-१९ नंतरच्या तीनेक वर्षांत सगळे खेळ मिळून सुमारे ५० हजार शालेय पंचांनी काम सोडलं होतं. कोविड हे एक कारण. पण पंच सोडून जाताना वारंवार सांगतात ते कारण दुसरं आहे, पालकांची आणि प्रेक्षकांची शिवीगाळ. पंच कमी झाले की उरलेल्यांवर ताण, ताणामुळे जास्त चुका, चुकांमुळे जास्त शिव्या, शिव्यांमुळे आणखी पंच बाहेर. असं हे चक्र फिरतं.

आपण या चक्रात कुठे आहोत हे कुठल्याही तालुक्याच्या मैदानाच्या कडेला अर्धा तास उभं राहिलं की कळतं. ज्या कामाचे पैसे नाहीत, मान नाही आणि टाळ्या तर कधीच नाहीत, ते काम चांगल्या माणसांनी करावं अशी आपली अपेक्षा आहे. ती माणसं येणार कुठून?

तर आता थेट तुमच्याशी. तुमच्यातले अकरावी-बारावीवाले अजून १९ वर्षांखालील गटात खेळतायत. त्यांनी खेळावं, बिनधास्त खेळावं. पण एफवाय, एसवाय, टीवायवाले? शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत गेलेले आणि कॉलेजला आल्यावर फक्त गणपती-नवरात्रातल्या रात्रीच्या मॅच खेळणारे तुमच्यात कितीतरी जण आहेत. बोनसला मागचा पाय कधी उचलतात हे तुमच्या पायांना माहीत आहे. पकडीत कोण खोटं ओरडतंय हे तुमच्या कानांना कळतं. तुम्ही नुकतेच शाळेतून बाहेर पडलात, त्यामुळे कुठल्याही शाळेची नोकरी तुमच्या मागे नाही. आणि तुम्हाला शेवटची एसटी पकडून सकाळी तास घ्यायचा नाही. त्रयस्थ पंचाला लागणारी जवळपास सगळी पात्रता तुमच्याकडे आहे. कमी आहे ती नियमांच्या अभ्यासाची.

त्यासाठी कबड्डी संघटना पंच परीक्षा घेतात. लेखी असते, प्रात्यक्षिक असतं. खेळून करिअर होईलच असं नाही, पण पंच म्हणून तुम्ही चाळिशीतही मैदानावर असू शकता. आणि मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. मुलींच्या मॅचमध्ये शिट्टी मुलीच्या हातात असावी, असं वाटतं ना? मग ती हातात घ्यायला कुणीतरी पुढे यायला हवं.

एक अट मात्र पाळावी लागेल. स्वतःच्या जुन्या शाळेच्या मॅचला उभं राहायचं नाही. नावच सांगायचं, 'सर, ही माझी शाळा, मला दुसऱ्या मैदानावर लावा.' हे एक वाक्य बोलणारे दहा जण दोन तालुक्यांत तयार झाले, तरी टेम्पोतली चर्चा बदलायला सुरुवात होईल.

नाही तर काय होईल, तेही सांगतो. स्पर्धेच्या पत्रकावर शेवटची ओळ तशीच छापून येईल, 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.' ही ओळ चुकीची नाही. कुणाचा तरी निर्णय अंतिम असावाच लागतो, नाहीतर मॅच संपणारच नाही. पण अंतिम निर्णय मानायला लावायचा असेल, तर आधी नियम सगळ्यांना सांगितलेले हवेत, रेषा दिसायला हवी आणि शिट्टी वाजवणाऱ्याचं त्या निकालात काही अडकलेलं नको. एवढं झाल्यावरही पंच चुकतील. तेव्हा हरलेल्या पोराला आपण म्हणू शकतो, 'चुकलं त्यांचं, पण खोटं नव्हतं.' पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी या दोन गोष्टींत फार फरक असतो. पहिल्या हरण्यानंतर तो पुढच्या वर्षी परत येतो. दुसऱ्यानंतर येईलच असं नाही.

पुढच्या वेळी तालुक्याच्या स्पर्धेचा बोर्ड दिसला की रील काढायला जरूर जा. पण जरा लवकर जा, पहिल्या मॅचच्या आधी. तिथे फक्कीची पिशवी घेऊन कुणीतरी सर वाकून रेषा मारत असतील. त्यांना एवढंच विचारा, "सर, रेषेला माणूस हवाय का?"